ओलाव्याची सूट

नायगाव,
१० जून २००२

चि. संजना हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र माझं आहे, तुझ्या आईचं नाही, हे अक्षरावरून कळलंच असेल. घाबरू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. सहा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, हे मला माहीत आहे, ते तू पुन्हा सांगायची गरज नाही. आज काम आहे म्हणून लिहितोय.

काम असं. तुझ्या आईचं वजन फार वाढलंय. डॉक्टरांनी तिला रोज सकाळी वजन करून वहीत लिहायला सांगितलंय. त्यासाठी तो माणसाने वर उभं राहायचा छोटा काटा घ्यायचाय. आता काटा घ्यायला मला दुसऱ्या कोणाला विचारावं लागू नये. पस्तीस वर्षं मिठाच्या डेपोत मापाडी होतो. इथल्या मिठागरांतली किती पोती माझ्यासमोर काट्यावर चढली आणि उतरली त्याला गणती नाही. पण हे बाथरूमचे काटे म्हणजे निव्वळ थट्टा आहे बघ.

परवा वसईला स्टेशनजवळच्या भांड्यांच्या दुकानात गेलो. त्याच्याकडे तीन काटे होते. तुझी आई आली नव्हती, म्हणून मीच चढलो. पहिल्यावर अडुसष्ट, दुसऱ्यावर एकाहत्तर, तिसऱ्यावर साडेसहासष्ट. मी विचारलं, यातला खरा कोणता? दुकानदार म्हणाला, काका, ज्याच्यावर बरं वाटेल तो घ्या. मी असं उत्तर ट्रकवाल्याला दिलं असतं तर त्याने मला तिथेच मिठात पुरलं असतं.

मग स्टेशनवर त्या लाल दिव्यांच्या मशीनवर रुपया टाकून उभा राहिलो. कार्ड आलं. एकोणसत्तर किलो, आणि खाली छापलेलं, "आपण स्वभावाने अत्यंत शांत आहात." ते कार्ड तुझ्या आईने देव्हाऱ्याशेजारी लावून ठेवलंय आणि येईल त्याला दाखवते. म्हणजे चार काटे आणि चार श्रीपत मापाडी. यातला कुठला घरी आणायचा?

तुमच्या मस्कतला चांगल्या वस्तू मिळतात म्हणतात. तिथे मापाच्या यंत्रांतला कोणी जाणकार तुमच्या ओळखीत असेल तर त्याला विचारून कळव. मी कोणाचं नाव घेत नाही.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर माझा आवाज ऐकून तू ठेवून दिलास तर पुन्हा फिरवायची माझी हिंमत झाली नसती. पत्र फाडलंस तरी मला दिसणार नाही.

तुझा,
बाबा

(मागच्या बाजूला)
संजू, मी पाकीट चिकटवते म्हनून घेतला आनि हे लिवते. वजन माजा नाय, त्यांचा करायचा हाय. मे महिन्यात बांधावर चालताना दम लागून खाली बसले. पाय सुजलेले. डाक्टर म्हनाली हृदय कमजोर हाय. तुला सांगायचा नाय असा मला बजावलाय. आता मी सांगला नाय, लिवला हाय. — आई


नायगाव,
६ जुलै २००२

चि. संजना,
आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पहिल्याच ओळीत "तुमच्या हृदयाला काय झालंय" असं वाचलं आणि तुझ्या आईला हाक मारली. तिने सरळ कबूल केलं आणि वर मलाच विचारलं, तिच्या अंगावर वजन ढकलताना मला काही वाटलं नाही का. आता इथून पुढे पाकीट मीच चिकटवणार आहे.

तर ऐक. हृदय आहे ते जरा थकलंय. रक्त नीट पुढे ढकलत नाही, मग अंगात पाणी साचतं. पायावर बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. आपल्या शाळेतल्या मास्तरांची नात क्षितिजा आता डॉक्टर झालीय, तिच्याकडे जातो. काल-परवापर्यंत फ्रॉकमध्ये फिरणारी पोर मला सांगते, आजोबा, मीठ बंद. मिठावर ज्याचं घर उभं राहिलं त्याला मीठ बंद. अळणी आमटी खाऊन बघ एकदा. तुझी आई शेजारी बसून लोणचं खाते.

आणि रोज सकाळी चहाच्या आधी वजन. एका दिवसात किलोभर वाढलं, नाहीतर आठवड्यात दोन किलो, तर लगेच दवाखान्यात यायचं. माणूस आठवड्यात दोन किलो जाड होत नाही, ते पाणी असतं, असं ती म्हणते. म्हणून काटा भरवशाचा पाहिजे. आता कळलं तुला सगळं.

तुझ्या घरच्यांनी (नवऱ्याला तू हेच म्हणतेस) जे सांगितलं ते मी दोनदा वाचलं. खरा काटा शोधू नका, एकसारखा बोलणारा शोधा. माहीत असलेलं वजन त्याच्यावर दहादा ठेवा. दहाही वेळा तोच आकडा दाखवेल तो घ्या, मग तो आकडा किलोभर चुकला तरी चालेल, कारण डॉक्टरला फरक बघायचाय. वाचून माझं डोकं फिरलं. रोज एकच खोटं बोलणारा काटा चालेल? मी असं कधी साहेबांना म्हणालो असतो तर दुसऱ्या दिवशी घरी बसलो असतो. तुझ्या आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बरोबरच हाय, रोज एकसारखं बोलणाऱ्या मानसाबरोबर संसार करता येतो. तिला काय बोलायचं?

तरी म्हटलं, करून तर बघू. डेपोतून निवृत्त होताना साहेबांनी मला शिक्क्याची दोन वीस किलोची वजनं भेट दिली होती, आठवतात? लोकांना शाल मिळते, मला लोखंड मिळालं. ती रिक्षात घालून दुकानात नेली. मला उचलायची बंदी, म्हणून रिक्षावाला, दुकानदार आणि दुकानदाराची बायको असे तिघे उचलत होते. मी फक्त मोजत होतो. लाभ, दोन, तीन, चार. दुकानदारीणबाईंनी विचारलं, काका, एक कुठे गेला? मी सांगितलं, आमच्यात पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. तिला ते इतकं आवडलं की नंतर ती गिऱ्हाइकाचे पेलेसुद्धा तसेच मोजायला लागली.

पहिला काटा चाळीसला कधी चाळीस, कधी एक्केचाळीस, कधी साडेअडतीस. लहर येईल तसा. तिसऱ्याचा काटा सातव्या खेपेला अडकला तो अडकलाच. मधला मात्र दहाही वेळा एक्केचाळीस. अगदी गुमान. तोच घेतला. तुझ्या घरच्यांनी लिहिलंय तशी त्याच्या बाजूला दातेरी चकती आहे, ती फिरवून धडा केला, म्हणजे रिकाम्या काट्याचं शून्य जिथल्या तिथे आणलं. आता चाळीसला चाळीस दाखवतो. एवढं सांगितलं त्याबद्दल त्यांना सांग, की पत्र मिळालं.

बाबा

ता. क. फोटो मिळाला. तुझ्या ॲनीचं नाक आपल्या घरातलं आहे. तांदळाच्या डब्यात तुझी आईला आलेली पत्रं असतात ती मी कधी वाचलेली नाहीत. दोनच वाचलीत.


नायगाव,
२१ जुलै २००२

चि. संजना,
आशीर्वाद.

काटा आणला म्हणजे काम संपलं असं मला वाटलं होतं. बाथरूममध्ये ठेवला तर पासष्ट. खोलीत चटईवर ठेवला तर त्रेसष्ट. मी आनंदाने ओरडलो, तर तुझी आई म्हणाली, चटईवर झोपला तर अजून कमी व्हाल. बाथरूमच्या फरशीला मोरीकडे उतार आहे, हे आपलं घर बांधल्यापासून मला माहीत आहे, आणि तरी मी काटा तिथे ठेवला. तिरक्या जमिनीवर काटा मांडणाऱ्या नवख्या पोरांना मी काय काय बोललोय, ते आठवून मान खाली गेली.

मग सपाट जागा शोधायला लागलो. ताटात पाणी घालून एकेका फरशीवर ठेवलं. सगळ्या घरात एकच फरशी धड निघाली, स्वयंपाकघराच्या दाराशी. तिथे काटा ठेवून चारी कोपऱ्यांना तांबड्या ऑइल पेंटने खुणा केल्या. वजन सदुसष्ट. रोज त्याच जागी, त्याच वेळी, त्याच लुंगीवर. तुझी आई केर काढताना काटा हलवते आणि मी पुन्हा खुणेवर आणतो. यावरून रोज सकाळी आमचं भांडण होतं. ते झाल्याशिवाय चहा मिळत नाही.

गावात ही बातमी पसरली. पलीकडच्या नवीन टॉवरमधल्या सुहासिनीबाई रोज चालून आल्या की वजन करायला येतात आणि आकडा बघून माझ्याकडे असं बघतात की तो मीच वाढवलाय. रंभा कोळीण मासळी घेऊन आली, ती टोपलीसकट चढली. म्हणाली, टोपलीचा वजन तुम्ही वजा करा, मापाडी तुम्ही. मी विचारलं, टोपली खाली ठेवून का चढत नाहीस? तर म्हणे, मांजर कोन सांभालनार. मी तिचं काम केलं. त्या दिवशी बोंबील बरे दिले.

तू लिहिलंस की लांबण नको, नुसते आकडे पाठवा. घे. सोमवार सदुसष्ट. मंगळवार सदुसष्ट. बुधवार साडेसदुसष्ट (आदल्या दिवशी वडे होते, अळणी). गुरुवार, शुक्रवार सदुसष्ट. शनिवारी सदुसष्ट. हे वाचून तुला काय मिळतं मला माहीत नाही. पण मलाही लिहायला बरं वाटलं, हे खोटं नाही.

बाबा


नायगाव,
१२ ऑगस्ट २००२

चि. संजना,
आशीर्वाद.

पंधरा दिवसांचे आकडे एकदम पाठवतोय, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. रोज सदुसष्ट. एक दिवस इकडे नाही, एक दिवस तिकडे नाही. तबियत एकदम छान. पाऊस मात्र हैराण करतोय. सगळं घर ओलं, कपडे वाळत नाहीत, भिंतींना हात लावला तर हात ओला. चपलासुद्धा पावसाने आकसल्यात, पायात जात नाहीत.

तुला एक गंमत सांगतो, ती तुला माझ्याशिवाय कोणी सांगणार नाही. पावसाळ्यात मीठ हवेतलं पाणी पितं. शंभर किलोच्या पोत्यात तीन-चार किलो नुसतं पाणी असतं, ते गिऱ्हाइकाच्या गळ्यात कसं घालणार? म्हणून आम्ही ओलाव्याची सूट धरायचो. काट्यावर दिसेल त्यातून सूट वजा करायची आणि निव्वळ वजन लिहायचं. किती सूट ते मापाड्याने हाताने मीठ चोळून ठरवायचं. माझ्या सुटीवर पस्तीस वर्षांत कोणी वाद घातला नाही. ती सवय इथेही कामाला आली. या हवेत लुंगी ओली, केस ओले, अंगच ओलं. मग काट्यावर जे दिसतं त्यातून ओलावा वजा करून निव्वळ लिहितो. म्हणून आकडा कसा सरळ चाललाय बघ. डॉक्टर क्षितिजाला पंधरवड्याने वही दाखवली, तीही खूश झाली.

ॲनीला शाळेत घातलं का? तिला म्हणावं, आजोबांकडे काटा आहे.

बाबा

(पाकिटाच्या आत, वेगळ्या चिठ्ठीवर)
संजू, पाकीट ते स्वता चिकटवतात म्हनून मी त्यांच्या आधीच चिठ्ठी आत टाकली. चपला आकसल्या नायत. मागच्या महिन्यात घेतलेल्या हायत. आडवे पडले का दम लागतो, दोन उशा घेऊन झोपतात. तुज्या बेसिलला सांग. — आई


वसई,
२९ ऑगस्ट २००२

चि. संजना,
आशीर्वाद.

हे पत्र दवाखान्यातून लिहितोय. तुझी आई समोर स्टुलावर बसलीय. उद्या घरी सोडणार आहेत.

रविवारचं तुला अर्धंच माहीत असेल, कारण तू फोनच्या त्या बाजूला होतीस. या बाजूचं ऐक. दुपारी फोन वाजला. मी उचलला. सहा वर्षांनी तो आवाज ऐकला, पण ओळखायला क्षणही लागला नाही. नमस्कार, चमत्कार काही नाही. तो म्हणाला, "बाबा, माणसाचं वजन पंधरा दिवस एकाच आकड्यावर राहत नाही. तुम्ही वजा किती करता ते नको. आत्ता काट्यावर उभे राहा आणि काटा काय दाखवतो ते सांगा."

मला फोन ठेवून द्यावासा वाटला. खरंच सांगतो. पण मी रिसिव्हर तुझ्या आईच्या हातात दिला आणि गेलो, खुणेवर उभा राहिलो. एकाहत्तर. आईने फोनमध्ये एकाहत्तर सांगितलं. मग तिने फोन ठेवला, माझा शर्ट आणला आणि रिक्षा बोलवायला बाहेर गेली. मला काही विचारलंसुद्धा नाही.

चार किलो पाणी होतं, पोरी. फुप्फुसाच्या तळाशी पोचलं होतं. दोन दिवस अजून घरी बसलो असतो तर हे पत्र दुसऱ्या कोणीतरी लिहिलं असतं, असं क्षितिजा म्हणाली. इंजेक्शनं दिली आणि मग जे काय पाणी बाहेर निघालं त्याचं वर्णन मी तुला करत नाही, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने मात्र मोजलं. आज सकाळी पुन्हा सदुसष्ट. यांच्या काट्यावर. निव्वळ वगैरे नाही, दिसलं ते.

क्षितिजाने वही उघडून माझ्यासमोर धरली. म्हणाली, आजोबा, तुम्हाला वजन करायला सांगितलं ते अंगातलं पाणी धरायला, आणि तुम्ही रोज नेमकं पाणीच वजा केलंत. सगळ्या वॉर्डसमोर म्हणाली. मला हसू आलं, पण हसताना खोकला येतो.

आता खरं सांगतो. पहिले चार दिवस मी अर्धा किलो वजा केला तो सवयीनेच. पुढे काट्यावर एकोणसत्तर दिसले, मग सत्तर, तेव्हा मला कळलं होतं. कळलं नव्हतं असं लिहिलं तर ती पुन्हा सूट धरल्यासारखं होईल. मला भीती वाटली. दवाखान्यात आत नेलेला माणूस परत येत नाही असं मनात बसलं होतं. आकडा सदुसष्ट लिहिला की त्या दिवसापुरतं बरं वाटायचं.

आणि एक सांगायचं राहिलंय, ते आठ वर्षं राहिलंय. लोकांना वाटतं, मी तुझ्या लग्नाला आलो नाही कारण मुलगा ख्रिस्ती. तुलाही तसंच वाटत असेल. तसं नव्हतं. आपल्या आणि त्यांच्या वाड्यांचे बांध एकाला एक लागून आहेत. त्यांच्या नाताळच्या नेवऱ्या, म्हणजे आपल्या करंज्याच, मी लहानपणापासून खात आलोय.

१९९४ साली डेपोत इलेक्ट्रॉनिक काटा बसवायला कंपनीने तो बेसिल पाठवला होता. तू तेव्हा तिथेच ऑफिसात टायपिंगला यायचीस. चोवीस वर्षांचं पोर. त्याने माझ्या जुन्या काट्यावर त्याची वजनं ठेवली आणि हमाल, ट्रकवाले, साहेब, सगळ्यांसमोर म्हणाला, काका, तुमचा काटा पोत्यामागे सातशे ग्रॅम चुकतोय. मी त्याला काय काय बोललो ते तू ऐकलंयस. तुझ्या टाइपरायटरचा आवाज बंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी डेपोला सुट्टी होती. मी एकटा गेलो. शिक्क्याची वजनं ठेवली. सातशे ग्रॅम. बरोबर सातशे. काट्याच्या दांड्याखाली मीठ गोठून त्याचा दगड झाला होता. खिळ्याने खरवडून काढला, काटा सरळ केला आणि कोणाला काही बोललो नाही. कोणाला म्हणजे तुझ्या आईलाही नाही. दोन वर्षांनी तू येऊन म्हणालीस की बेसिलशी लग्न करायचंय. मी म्हणालो, कोणीही चालेल, तो नको. का नको ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सातशे ग्रॅमपण सांगावे लागले असते.

आता बरं वाटतंय. इंजेक्शनामुळेही असेल.

बाबा


नायगाव,
१५ सप्टेंबर २००२

चि. संजना,
आशीर्वाद.

घरी आलो. आकडे: सदुसष्ट, साडेसदुसष्ट, सदुसष्ट, सहासष्ट, साडेसहासष्ट, सदुसष्ट. बघ कसे नाचतायत. बेसिल म्हणाला तसंच. वहीत आता आकडा मी लिहीत नाही. मी उभा राहतो, तुझी आई वाकून वाचते आणि तीच लिहिते. तिचा सहा नऊसारखा दिसतो. परवा क्षितिजा सत्त्याण्णव वाचून खुर्चीतून उठली होती.

तू लिहिलंस की बेसिलला नाताळशिवाय रजा नाही, पण तुला आणि ॲनीला ऑक्टोबरात यायला जमेल, पण बाबांनी बोलावलं तर. आईने बोलावलेलं चालत नाही का, असं तुझी आई विचारतेय. मी सकाळपासून हे पत्र घेऊन बसलोय. "या" एवढंच लिहायचंय तर इतका वेळ का लागतो, असंही तीच विचारतेय.

या. दोघी या. माझी चूक झाली आणि ती मोठी होती. येताना काही आणू नका, काटा तर मुळीच आणू नका.

बाबा


नायगाव,
२० ऑक्टोबर २००२

चि. बेसिल यास,
अनेक आशीर्वाद.

तुला कसं लिहावं ते कळेना. जावयाला "श्री." लिहितात, पण तू मला फोनवर बाबा म्हणालास, मग "श्री." बरं दिसत नाही. तेव्हा हेच राहू दे.

संजना आणि ॲनी सुखरूप पोचल्या. विमानतळावर संजना माझ्या पाया पडायला वाकली आणि मधेच थांबून माझ्या पावलावर बोट दाबून बघितलं. खड्डा पडला नाही. मग रडली. मग मीही. तुझी सासू सामान मोजत होती, तिने आमच्याकडे बघितलंच नाही असं दाखवलं.

तुझ्या मुलीबद्दल. पहिले दोन दिवस माझ्याकडे आली नाही, दारातून बघायची. तिसऱ्या दिवशी सकाळी मी काट्यावर उभा होतो तेव्हा येऊन लुंगी धरली. काय करतो ते विचारलं. सांगितलं. म्हणाली, मला पण. तिला एकटीला उभं केलं तर ती उडी मारते आणि काटा गोल फिरतो. म्हणून संजनाने तिला उचलून माझ्या कडेवर दिलं. मी म्हटलं, लाभ. ती म्हणाली, आजोबा, वन कुठे गेला? तिला सांगितलं, पहिल्याला लाभ म्हणायचं. आता घरात ती सगळं तसंच मोजते. जिन्याच्या पायऱ्या, केळी, सुहासिनीबाईंचे कुत्रे.

तू विचारलं नाहीस, पण मला सांगायचंय. १९९४ साली तू म्हणालास ते सातशे ग्रॅम बरोबर होते. मी दुसऱ्याच दिवशी ताडून पाहिलं होतं आणि गप्प राहिलो. तेव्हा तुझं मन मोडलं, नंतर माझ्या पोरीचं. मला माफ कर. चार माणसांसमोर तुला बोललो होतो, तेव्हा नाताळला तू आलास की चार माणसांसमोरच हे पुन्हा सांगेन. त्यातले दोन हमाल अजून आहेत, त्यांना बोलावतो.

नाताळला नक्की ये. शून्याची चकती जरा सैल झालीय, ती तू बघायला हवीस. इथे दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही.

आजची नोंद. एकदाच उभा राहिलो, काट्यावर साडेब्याऐंशी. घाबरू नकोस, दवाखान्यात फोन करू नकोस. पाणी नाही, त्यात साडेपंधरा ॲनी आहे. तरी वहीत साडेब्याऐंशीच लिहायला लावलंय. काही वजा केलेलं नाही.

तुझा,
बाबा

(मागच्या बाजूला)
बेसिल बाला, मी तुजी सासू. हे लिवतात एकदा वजन केला. खोटा हाय. दिवसातनं चार वेला पोरीला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहतात. आकडा बघतच नायत, डोले मिटलेले असतात. डाक्टरनी उचलायची बंदी केली हाय, तर पोरीला आता मी स्टुलावर चढवून देते. तू डाक्टरला सांगू नको. — हंसा